कमरेचे बळ

मयूरासन करणाऱ्या माणसाकडे पाहताना आपली नजर प्रथम त्याच्या हातांवर जाते. तळवे जमिनीला टेकलेले, कोपरे बेंबीच्या दोन्ही बाजूंना रुतलेली आणि त्यांवर डोक्यापासून पावलांपर्यंत आडवे तोललेले सबंध शरीर. पाहणारा म्हणतो, 'काय मनगट आहे!' ही वाहवा रास्त असली तरी अपुरी आहे. हात शरीराला उचलून धरतात हे खरे. परंतु त्या शरीराची सरळ फळी करून ठेवण्याचे काम हातांचे नाही. पायांचा भार शरीराला सारखा खाली ओढीत असतो. त्या ओढीला दाद न देणारी शक्ती पाठीच्या तळाशी, कणा जिथे कटीला मिळतो तिथे, निमूटपणे राबत असते. ती दिसत नाही, म्हणून तिची वाहवाही होत नाही.

आपल्या भाषेला मात्र या शक्तीची ओळख फार जुनी आहे. मोठे काम अंगावर घेताना मराठी माणूस कंबर कसतो. एखादा घाव वर्मी बसला की त्याची कंबर मोडते. लाचारी न पत्करणाऱ्याला आपण ताठ कण्याचा माणूस म्हणतो. शरीराच्या बळाचे मूळ कुठे आहे, याविषयी लोकांनी स्वतःच्या अनुभवाने दिलेला हा निर्वाळा आहे, आणि आजचे शरीरशास्त्र त्याला दुजोराच देते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. ६० किलो वजनाच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून साधारण २० किलो भरतात. मयूरासनात हा भार कण्याच्या खालच्या टोकापासून सुमारे अर्ध्या मीटरवर लोंबू पाहतो. त्याला तोलणारे स्नायू मात्र कण्याला लागूनच, त्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरांवर असतात. तराजूची एक बाजू दहापट आखूड असेल, तर त्या बाजूला दहापट वजन घालावे लागते. म्हणजे ते २० किलो तोलण्यासाठी कमरेच्या स्नायूंना २०० किलोंच्या घरातली ओढ द्यावी लागते, आणि तीही क्षणभर नव्हे, तर आसन टिकवायचे तितका वेळ. हीच फळी कोपरांचा आधार काढून केवळ तळव्यांवर धरली, म्हणजे शरीराचा आधारबिंदू पोटापासून खांद्यांपर्यंत सरकतो आणि काम कितीतरी पटींनी कठीण होते. युरोपातील कसरतपटू या अवस्थेला 'प्लांश' म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ फळी असाच आहे.

या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथांच्या वाटेने नव्हे. कृष्णाकाठच्या एका गावी माझे बालपण गेले. गावच्या तालमीत मातीचा हौदा होता आणि अंगणात एक मल्लखांब पुरलेला होता. तेराव्या वर्षी मला त्या खांबाच्या बोंडावर मयूर करण्याचा ध्यास लागला. आमच्या वस्तादांनी तो ओळखला आणि माझ्या हाती फावडे दिले. रोज हौद्याची माती खणायची, जोर काढायचे आणि शेवटी पालथे पडून पाय उचलून धरायचे, एवढाच कार्यक्रम त्यांनी लावून दिला. महिना झाला तरी खांबाला हात लावू देईनात. मी कुरकुर केली तेव्हा ते इतकेच म्हणाले, "आधी कंबर, मग हात."

मला धीर नव्हता. शाळेचे संमेलन जवळ आले होते. घरी चोरून सराव केला आणि संमेलनात, वस्तादांना न विचारता, एका टेबलाच्या कडेवर मयूर धरला. हातांनी साथ दिली. कंबर मात्र मध्येच खचली, पाय धाडकन खाली आले आणि पाठीत अशी उसण भरली की आठ दिवस अंथरुणावरून उठता आले नाही. वस्ताद घरी आले, तेल लावून पाठ चोळून गेले. बोलले काहीच नाहीत. मी पुन्हा तालमीत गेलो तेव्हा फावडे भिंतीला टेकून ठेवलेले होते.

पुढे एम. ए. झालो, सरकारी नोकरीत शिरलो आणि आता बंगळूरला असतो. फायलींवर वाकून वाकून जुन्या उसणीने पुन्हा डोके वर काढले आहे. माझी मुलगी इथल्या एका व्यायामशाळेत जिम्नॅस्टिक्स शिकते. मोबाइलच्या पडद्यावर कोणा परदेशी खेळाडूचा प्लांश पाहून तिनेही तो हट्ट धरला. एके दिवशी तिला आणायला गेलो, तर ती सतरंजीवर पालथी पडून पाय उचलून धरीत होती आणि तिचे शिक्षक शेजारी उभे राहून अंक मोजीत होते. "बाबा, महिनाभर हेच चाललंय," ती रडवेली होऊन म्हणाली. शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि हसून कन्नडमध्ये म्हणाले, "मोदलु सोंट, आमेले कै." आधी कंबर, मग हात.

कृष्णाकाठचा एक कुस्तीगीर वस्ताद आणि बंगळूरचा एक कन्नड शिक्षक. दोघांची भेट होण्याचा संभव नव्हता. तरीही वाक्य तेच आणि क्रमही तोच. हे शहाणपण दोघांपाशी कोणत्या वाटेने आले असावे, या कुतूहलाने मी शोध घेऊ लागलो. तेव्हा ध्यानात आले की कन्नड मुलूख आणि मराठी मुलूख यांच्यामध्ये ही विद्या निदान नऊशे वर्षे ये-जा करीत आहे.

या वाटेवरचा पहिला पक्का टप्पा कल्याणी येथे आहे. आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात जे बसवकल्याण आहे, तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे करावे इथपासून त्याने मन कसे रमवावे इथपर्यंत सर्व काही त्यात आले आहे. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांचे व्यायाम सांगितले आहेत. हे व्यायाम 'श्रम' या नावाने येतात. भार उचलण्याचा तो भारश्रम, खांबावर करण्याचा तो स्तंभश्रम. आपल्या मल्लखांबाचा हा जुन्यात जुना लेखी पुरावा मानला जातो. श्रोत्यांनी त्या शब्दाकडे लक्ष द्यावे. दंगल हा राजाचा विनोद होता. मल्लाच्या वाट्याला मात्र आधी श्रम होते.

याच मानसोल्लासात आणखी एक नोंद आहे, आणि ती मला तितकीच मोलाची वाटते. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वराने लिहून ठेवले आहे. वाङ्मयाचे इतिहासकार ओवीचा प्राचीन उल्लेख म्हणून या नोंदीकडे वळतात. मला मात्र त्या ओळीमागे उखळाशी उभी राहून मुसळ उचलणारी आणि टाकणारी बाई दिसते. मुसळ हाताने उचलले जाते खरे. पण दिवसभर कांडण चालू ठेवते ती कंबर. मल्लाचा स्तंभश्रम राजाच्या खर्चाने, तूपसाखरेच्या जोरावर चालत असे. बाईचा श्रम कोणाच्या हिशेबात नव्हता. त्याची नोंद झाली ती तिच्या गाण्यामुळे. कमरेच्या बळाचा इतिहास लिहायचा, तर आखाड्याइतकाच उखळाचा आणि जात्याचाही लिहावा लागेल.

कल्याणीचे राज्य लयाला गेले. पण मल्लविद्या दरबारांच्या आणि मल्लकुळांच्या आश्रयाने टिकली. गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांनी आपले 'मल्लपुराण' जपले. म्हैसूरला दसऱ्यात वज्रमुष्टीची झुंज खेळणारे जेट्टी हे याच परंपरेतले. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा दुवा पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'हठाभ्यासपद्धती' या नावाची एक संस्कृत पोथी आहे. ती अठराव्या शतकातील असून तिच्या कर्त्याचे नाव कपाल कुरंटक असे दिलेले आहे. तीत ११२ आसने सहा गटांत मांडली आहेत. पाठीवर निजून करण्याची वेगळी, पालथे पडून करण्याची वेगळी, उभ्याने करण्याची वेगळी आणि दोरीच्या आधाराने करण्याची वेगळी. आसनांचा हेतूही ती स्पष्ट सांगते. तो म्हणजे शरीराला दार्ढ्य आणणे. जुन्या योगग्रंथांतून आसन म्हणजे बहुधा ध्यानाची बैठक. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत मयूरासन आहे. पण तिथे आसनांची संख्या थोडी आहे. या पोथीत मात्र योगी तालमीच्या अंगणात उतरलेला दिसतो. तिच्यातील काही हालचाली वाचताना आपल्या जोरांची आठवण व्हावी, इतके हे साम्य आहे.

आता पाहा. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार, ज्यांचा जन्म १७९४ चा आणि मृत्यू १८६८ चा, त्यांच्या दरबारात 'श्रीतत्त्वनिधी' नावाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात १२२ आसनांची रंगीत चित्रे आहेत. आडव्या, उभ्या, उलट्या आकृती, आणि दोरीवर चढलेले, दोरीवर तोललेले योगी! १९९६ मध्ये नॉर्मन शोमन या अभ्यासकाने ही चित्रे प्रकाशात आणली. पुढे लंडन विद्यापीठाच्या हठयोग-संशोधन प्रकल्पात जेसन बर्च यांनी पुण्याची पोथी आणि म्हैसूरचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तेव्हा दोहोंतील पुष्कळशी वर्णने एकमेकांशी जुळली. पेशवाईच्या मुलखातील पोथी आणि वडियारांचा चित्रसंग्रह ही एकाच विद्येची दोन घरे ठरली. राज्यांच्या सीमा बदलत होत्या. सैन्ये एकमेकांवर चालून जात होती. आणि त्याच वाटांनी पालथे पडून पाय उचलण्याची ही साधी विद्याही प्रवास करीत होती.

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्यात बाळंभटदादा देवधर झाले. त्यांचा काळ १७८० ते १८५२ असा सांगतात. त्यांची कथा मराठी व्यायामशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले. त्यांचे आव्हान स्वीकारायला कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभट उभे राहिले. आव्हान स्वीकारल्यावर ते लगेच आखाड्यात उतरले नाहीत. ते वणीच्या सप्तशृंग गडावर गेले. तिथे देवीची उपासना केली, मारुतीचा दृष्टांत झाला, खांबावर वानराची चपळाई कशी साधावी हे त्यांना दिसले. मग ते परतले, त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबाने माघार घेतली.

या कथेतील दृष्टांत ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. कथेचे मर्म मला तिच्या मधल्या भागात दिसते. आव्हान आणि कुस्ती यांच्यामध्ये तयारीचा काळ आहे. सर्वांची नजर अलीवर असताना हा तरुण खांबाकडे वळला. सोमेश्वराच्या काळी खांब होता, तेव्हा बाळंभटदादांनी मल्लखांब शोधून काढला असे म्हणता येत नाही. त्यांनी तो नव्याने उभा केला, त्याच्या पकडी बसवल्या आणि शिष्यांच्या हाती दिला, हे त्यांचे ऋण आहे.

या खांबाने कमरेचे काय होते? लाकूड बहुधा सागाचे किंवा शिसवाचे, त्याला एरंडेल तेल लावलेले. गुळगुळीत खांबावर नुसत्या हातांच्या पकडीवर भिस्त ठेवता येत नाही. साधी अढी घ्यायची तरी हातांनी खांब धरून पाय डोक्यावरून वर न्यावे लागतात, मांड्यांची मिठी मारावी लागते आणि डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत हात सोडून नंतर धड कमरेतूनच उचलून आणावे लागते. एका तासाच्या सरावात पाठ कितीदा वाकते, कितीदा ताणली जाते, कितीदा मध्येच थांबते, याची गणती नाही. म्हणून जाणते वस्ताद फिरकी, दसरंग, सुईदोरा अशा पायऱ्या चढवीत नेत. आणि बोंडावरची आसने, पताका, मयूर हे सर्व त्या चढणीच्या माथ्यावर येत असे. ज्याने मधल्या पायऱ्या गाळल्या, त्याचे माझ्यासारखे होई.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेले आणि बाळंभटदादांची विद्याही तिकडे गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी झालेली मनकर्णिका यांनी तिथे मल्लखांबाचे धडे घेतल्याची परंपरा आहे. तिथून ही विद्या काशीच्या आखाड्यांत पोचली आणि हळूहळू बडोदे, इंदूर, मिरज अशी मराठी वस्तीच्या गावांतून पसरली. त्यातही बडोद्याचे ऋण विशेष आहे. जुम्मादादांची व्यायामशाळा आणि तिची धुरा पुढे वाहणारे राजरत्न माणिकराव यांनी तालमीला शिस्तीच्या शाळेचे रूप दिले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायामज्ञानकोशा'चे १० खंड मराठीत प्रसिद्ध केले. जी विद्या वस्तादाच्या डोळ्यांत आणि शिष्याच्या पाठीत होती, ती प्रथमच इतक्या विस्ताराने कागदावर उतरली. मानसोल्लासाची छापील आवृत्तीही बडोद्याच्याच गायकवाड प्राच्यग्रंथमालेतून, १९२५ पासून, श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली निघाली. सोमेश्वराचा स्तंभश्रम आणि मुजुमदारांचा मल्लखांब एकाच नगरात छापले गेले.

माणिकरावांच्या शिष्यांपैकी एक पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या आणि शरीरात नेमके काय घडते हे क्ष-किरणांनी पाहण्याचा उपक्रम केला. त्याच सुमारास औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. नमस्कारात कंबर एकदा मिटते, एकदा उघडते. खांब नको, हौदा नको, वस्ताद नको. घरातील बाईलाही चार हात जागेत करता यावा असा हा व्यायाम. कांडणदळण सुटत चाललेल्या घरांत त्याचे महत्त्व काय होते, हे वेगळे सांगायला नको.

औंधचा हा नमस्कार दक्षिणेकडे फार लवकर आला. बंगळूरला कोलार वेंकटेश अय्यर नावाचे विलक्षण गृहस्थ 'हर्क्युलिस' नावाची व्यायामशाळा चालवीत. लोखंडी वजने आणि आसने यांचा मेळ घालणाऱ्या या पुरुषाची पिळदार देहाची छायाचित्रे परदेशी मासिकांत झळकली होती. हेच अय्यर कन्नड साहित्यात 'शांतला' या ऐतिहासिक कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले जातात. १९३७ मध्ये त्यांनी बंगळूरहून सूर्यनमस्कारावर पुस्तक काढले. स्नायू फुगवणाऱ्या वजनांच्या जोडीला पाठीला लवचीक आणि चिवट करणारे काही तरी हवे, हे त्यांनी जाणले होते.

त्याच १९३७ मध्ये उलट दिशेने एक तरुण निघाला. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूरचा जन्म, बालपण बंगळुरात, प्रकृती लहानपणापासून रोगांनी पोखरलेली. १९३४ मध्ये तो म्हैसूरला आपले मेहुणे तिरुमलाई कृष्णम्माचार्य यांच्याकडे गेला. त्यांची योगशाळा राजाश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात चाले. तिथे हाडे मोडतील अशा कडक शिस्तीत तो आसने शिकला आणि सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात शिकवायला आला. वय अठरा, मराठीचा गंध नाही. हे बी. के. एस. अय्यंगार. सहा महिन्यांची बोली ७७ वर्षे चालली. २०१४ मध्ये पुण्यातच त्यांनी देह ठेवला. १९७९ मध्ये अपघातांनी त्यांच्या कण्याला आणि खांद्याला जबर दुखापत झाली, तेव्हा साठी उलटलेल्या या आचार्यांनी पहिल्या आसनापासून पुन्हा आरंभ केला. १९६६ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी आसनांचा ३०० आठवड्यांचा क्रम लावून दिला आहे. तीनशे आठवडे म्हणजे जवळपास सहा वर्षे. आजच्या उतावळ्या काळात हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

अय्यंगारांच्या पुण्यातील संस्थेत भिंतीला दोर लावलेले असतात. त्यांच्या आधाराने पाठीची आसने शिकवतात, आणि या दोरांना 'योग कुरुंट' म्हणतात. पुण्याच्या जुन्या पोथीत दोरीची आसने आहेत आणि तिचा कर्ता कपाल कुरंटक आहे. नावांतील हे साम्य अभ्यासकांनीही टिपले आहे. नुसत्या नावावरून वंशावळ सिद्ध होत नाही. तरीही पुण्यातून म्हैसूरला आणि म्हैसूरहून पुण्याला, अशी या दोरीची फेरी मनाला मोहविल्याखेरीज राहत नाही.

ही विद्या पुढे मोठ्या रंगमंचावर गेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ मध्ये बंगळूरला भरलेल्या विद्यापीठांच्या खेलो इंडिया क्रीडास्पर्धांत मल्लखांब आणि योगासने यांनाही स्थान मिळाले. कल्याणीच्या स्तंभश्रमाची आठवण झाली ती त्या वेळी. हा आनंद मोठा आहे. पण त्यात एक धोकाही आहे. प्रदर्शन दूरवर दिसते, तयारी दिसत नाही. पडद्यावरचा प्लांश दहा सेकंदांचा असतो. त्यामागची तीन वर्षे कोणी चित्रित करीत नाही. मुले शेवटची पायरी पाहतात आणि तीच पहिली करू जातात.

पाठीच्या या अदृश्य कामाचे मोल विज्ञानाने वेगळ्या वाटेने मोजले आहे. १९८४ मध्ये डेन्मार्कमधील बीरिंग-सोरेन्सन या वैद्याने नऊशेहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. माणसाला टेबलावर पालथे झोपवायचे, कमरेपासूनचे धड टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचे, पाय बांधायचे आणि धड आडवे किती वेळ धरता येते ते पाहायचे. कमाल मर्यादा २४० सेकंद. ज्या पुरुषांनी धड अधिक वेळ धरले, त्यांना पुढील वर्षभरात प्रथमच कंबरदुखी जडण्याचे प्रमाण कमी आढळले. आमच्या वस्तादांचे पालथे पडणे, घेरंड संहितेतील शलभासन आणि या डॅनिश वैद्याची परीक्षा ही एकाच कुळातील भावंडे आहेत. त्यांत जोराच्या झटक्यापेक्षा धीराची कसोटी आहे. ज्यांना पुढे प्लांशपर्यंत जायचे, त्यांच्यासाठीही वाट इथूनच निघते. पालथे पडून आधी एक पाय, मग दोन्ही. पोटाला सैल न सोडता, कमरेत खोल खळगा न पाडता. नंतर हातांवर भार घेऊन गुडघे छातीशी. मग पाय फाकवून. आणि सर्वांत शेवटी पाय जोडून. एक पायरी स्थिर झाल्याखेरीज दुसरी नाही. पाठीत कळ आली तर थांबायचे, ती सोसून पुढे जायचे नाही.

इतिहास आपण बहुधा दंगलींचा लिहितो. कोणी कोणाला चीत केले, कोणत्या दरबारात कोणाला कडे मिळाले, हे आपल्याला पाठ असते. सोमेश्वराने मल्लविनोदाबरोबर श्रमांचीही यादी लिहून ठेवली, पुण्याच्या पोथीने पालथ्या आसनांना स्वतंत्र गट दिला, मुजुमदारांनी दहा खंड भरले, अय्यंगारांनी तीनशे आठवडे मोजून दिले. या साऱ्यांनी जपले ते विजयाचे क्षण नव्हेत. त्यांनी क्रम जपला. क्रम हरवला की मल्लखांबाची निव्वळ कसरत होते आणि मयूरासनाची एक मोडलेली पाठ.

आता संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी मुलीच्या शेजारी सतरंजी टाकून पालथा पडतो. डॉक्टरांनी पंचेचाळिशीतल्या या पाठीला तोच व्यायाम सांगितला आहे. ती कन्नडमध्ये मोजते, मी मराठीत. तिचे पाय तिसापर्यंत निश्चल राहतात. माझे बारानंतर थरथरू लागतात. परवा तिने विचारले, "बाबा, मयूर केव्हा करायचा?" उत्तर मला तेराव्या वर्षीच मिळाले होते, ऐकायला मात्र तीस वर्षे लागली. मी म्हटले, "करू. आधी उद्याचे एकतीस होऊ देत."